किती, आणि कुठल्या दिशेला?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी सगळी नोकरी सहावी, सातवी आणि आठवीला गणित शिकवण्यात घालवली. दहावीला कधी शिकवलं नाही. दहावीला शिकवणाऱ्याचा फोटो निकालाच्या दिवशी पेपरात येतो, सातवीला शिकवणाऱ्याचा येत नाही. म्हणून आज मी त्या तीन इयत्तांबद्दलच बोलणार आहे.

निमंत्रणपत्रिकेवर विषय जरा लांबलचक छापला आहे. मी तो आखूड करते. काही घरांतली मुलं इंजिनीअर, डॉक्टर, संशोधक होतात आणि काही घरांतली होत नाहीत. ही निवड होते कधी? बारावीच्या सीईटीला? दहावीच्या निकालाला? माझं म्हणणं असं की ती आठवीपर्यंत होऊन गेलेली असते. यादी लागत नाही, कोणी नाव पुकारत नाही. मुलगी एवढंच म्हणते, "मला गणित जमत नाही." आणि आई म्हणते, "आमच्यात कोणालाच जमलं नाही गं, तू कशाला मनाला लावून घेतेस?" झाली निवड. सीईटीचा फॉर्म भरायचा प्रश्नच पुढे येत नाही.

ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणारा 'असर'चा २०२४चा अहवाल बघा. देशातल्या ग्रामीण भागात आठवीत बसलेल्या मुलांपैकी निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता येतं. ही आठवीची मुलं आहेत, आणि त्यांच्यापुढे पुस्तकात बहुपदी आणि समीकरणं उघडलेली आहेत.

हा विचार मी ज्याच्याकडून शिकले, तो माणूस आपल्याकडचा नाही. त्याचं नाव बॉब मोझेस. जन्म १९३५, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या काळ्या माणसाची गोष्ट इथे कशाला? पण महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना, आणि १९७२ साली मुंबईतल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतलं ते तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. ही ये-जा जुनी आहे. तेव्हा मी परवानगी मागत बसत नाही.

मोझेस हार्वर्डमधून तत्त्वज्ञान शिकलेला आणि न्यूयॉर्कच्या एका शाळेत गणित शिकवणारा तरुण होता. १९६०च्या सुमारास तो दक्षिणेत, मिसिसिपीत पोचला. डोक्यात होतं ते काळ्यांना बसू न देणाऱ्या हॉटेलात, दुकानात धरणं धरण्याचं आंदोलन. तिथे त्याला ॲम्झी मूर नावाचे पोस्टात काम करणारे एक वडीलधारे कार्यकर्ते भेटले. ते म्हणाले, इथल्या माणसांना हॉटेलात बसून कॉफी प्यायची घाई नाही. त्यांना मत हवंय. मोझेसनं ऐकलं. शिकलेला माणूस खेड्यात जाऊन आधी ऐकतो, ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. आपल्यापैकी कितीजण ऐकतात?

मत मिळवायचं कसं? मतदार म्हणून नाव नोंदवायला २१ प्रश्नांचा अर्ज होता. त्यात राज्यघटनेचं एक कलम उतरवून काढायचं आणि त्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहायचा. मिसिसिपीच्या घटनेत कलमं २८५. कोणाला कुठलं द्यायचं ते कारकुनाच्या हातात आणि अर्थ बरोबर की चूक हेही त्याच्याच हातात. गोऱ्या शेतकऱ्याला सोपं कलम, काळ्या शिक्षकाला करवसुलीचं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्या राज्यात मतदानाला पात्र असलेल्या काळ्यांपैकी सात टक्केसुद्धा नोंदलेले नव्हते. माणसं नोंदणीला घेऊन गेला म्हणून मोझेसला भर रस्त्यात मारलं, डोकं फोडलं. त्याला मदत करणारा हर्बर्ट ली हा शेतकरी सप्टेंबर १९६१मध्ये गोळी लागून मेला. गोळी घालणारा राज्याच्या विधिमंडळाचा सदस्य होता, आणि तो सुटला.

१९६३मध्ये मोझेस कोर्टासमोर उभा असताना न्यायाधीशानं विचारलं, की तुम्ही निरक्षर माणसांना नोंदणीला का आणता? त्याच्या उत्तराचा आशय असा होता: आधी आम्हाला शाळा नाकारायची आणि मग वाचता येत नाही म्हणून मत नाकारायचं, हे दोन्ही एकाच देशाला करता येणार नाही.

हे उत्तर मनात ठेवा. कारण वीस वर्षांनी त्यानं तेच उत्तर गणिताच्या वर्गात दिलं.

मधली वर्षं मी भरभर सांगते. मताचा कायदा १९६५ला झाला. व्हिएतनाम युद्धाच्या सक्तीच्या भरतीपायी मोझेसला देश सोडावा लागला. टांझानियात त्यानं गणित शिकवलं. परत येऊन हार्वर्डला गणिताच्या तत्त्वज्ञानात पुन्हा अभ्यास सुरू केला. १९८२ साली त्याची थोरली मुलगी आठवीत गेली. शाळा मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजची, म्हणजे हार्वर्ड आणि एमआयटी ज्या गावात आहेत तिथली. त्या शाळेत आठवीला बीजगणित शिकवतच नव्हते. बाप घरी शिकवायला बसला तर मुलगी म्हणाली, शाळेचंही गणित करायचं आणि घरचंही, हे मला जमणार नाही. शेवटी वर्गशिक्षिकाच म्हणाल्या, तुम्हीच वर्गात येऊन शिकवा. त्याच वर्षी मोझेसला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, पोटाची चिंता मिटली, आणि मुक्काम वर्गात हलला. यातून उभं राहिलं ते 'अल्जिब्रा प्रोजेक्ट'.

वर्गात गेल्यावर त्याच्या लक्षात काय आलं? आठवीला बीजगणित मिळालं की नववीपासून मूल वरच्या गणिताच्या वाटेवर लागतं. तीच वाट इंजिनीअरिंगला, भौतिकशास्त्राला, संगणकाला जाते. नाही मिळालं तर दुसरी वाट, जिथे 'सर्वसाधारण गणित' असतं आणि पुढे काही नसतं. कोण कुठल्या वाटेला, हे ठरतं वर्गाच्या दारातच. आणि बघावं तर काळी मुलं, गरीब मुलं, स्थलांतरितांची मुलं बहुतेक दुसऱ्या वाटेला. मोझेस म्हणायला लागला की साठ साली अक्षरओळख म्हणजे जे होतं, ते आता बीजगणित आहे. ज्याला ते येत नाही, त्याला पुढच्या अर्थव्यवस्थेत मतच नाही.

आता वर्गातलं सांगते, कारण भाषणं आपण पुष्कळ ऐकतो. धडा कसा होतो हे कोणी सांगत नाही.

सहावीत मूल पहिल्यांदा ऋण संख्यांना भेटतं. तोपर्यंत संख्येला विचारायचा प्रश्न एकच: किती? किती आंबे, किती रुपये, किती मुलं. ऋण तीन आंबे दाखवा बरं! मोझेसचं निरीक्षण असं की अंकगणितातून बीजगणितात जाताना मुलाला दुसरा प्रश्न लागतो: कुठल्या दिशेला? हा प्रश्न कोणी विचारायला शिकवत नाही, थेट नियम देतात. वजा वजा अधिक. का? कारण सरांनी सांगितलं. इथेच पोरं गळतात.

मोझेसनं मुलांना बॉस्टनच्या भुयारी रेल्वेच्या रेड लाइनवर नेलं. प्रवास केला, मग चित्र काढलं, मग आपल्या बोलीत सांगितलं काय झालं. मग तेच बोलणं हळूहळू घट्ट, नेमकं करत नेलं. चिन्हं सगळ्यात शेवटी. या पायऱ्यांमागे हार्वर्डच्या क्वाइन या तत्त्वज्ञाचा विचार होता: गणिताची भाषा वरून पडत नाही, रोजच्या बोलण्यालाच शिस्त लावली की ती तयार होते.

मुंबईत हे करायला भुयारी रेल्वे कशाला हवी? कुर्ल्याच्या एका महापालिका शाळेत सहावीच्या वर्गावर मी हा धडा घेऊन पाहिला. कुर्ला म्हणजे शून्य. ठाण्याकडे विद्याविहार एक, घाटकोपर दोन. सीएसएमटीकडे सायन, माटुंगा, दादर. दिशेचे शब्द मुलांकडे तयारच होते. अप आणि डाऊन. रेल्वेनं आमचं निम्मं काम करून ठेवलेलं! डाऊन म्हणजे अधिक, अप म्हणजे वजा. (नावाप्रमाणे उलटं वाटतं, पण एकाही मुलानं तक्रार केली नाही. तक्रार केली ती मागे बसलेल्या बाईंनी.) घाटकोपर अधिक दोन, दादर वजा तीन. दादरहून घाटकोपरला जायचं तर किती स्टेशनं आणि कुठल्या दिशेला? मुलं बोटांवर मोजत म्हणाली, माटुंगा, सायन, कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर. पाच. डाऊन. मग फळ्यावर लिहिलं: दोन वजा, कंसात वजा तीन, बरोबर अधिक पाच. नियम सांगावाच लागला नाही.

आणि मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "शून्य कुर्ल्यालाच का? मी शिवाजी पार्कला राहायचे आधी. मी दादरला शून्य धरणार."

धर म्हटलं. तिनं दादरला शून्य लिहिलं. कुर्ला झालं अधिक तीन, घाटकोपर अधिक पाच. प्रवास? पाच, डाऊन. तोच. शून्य हलवलं तरी दोन ठिकाणांमधलं अंतर आणि दिशा हलत नाही. पुढे वरच्या वर्गांत निर्देशक पद्धतीचा आरंभबिंदू बदलायला शिकवतात, त्या कल्पनेच्या दारात ती मुलगी सहावीतच उभी होती. वर्षाअखेरीच्या तिच्या प्रगतिपुस्तकावर गणितापुढे काय शेरा असेल, याचा अंदाज करायचं धाडस मी करत नाही.

दुसरा मुद्दा भाषेचा, आणि तो आपल्याकडचा आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झालं. आज ते मानखुर्दला आहे. प्रा. व. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे १९८०च्या दशकात मुंबईच्या महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केलं. मुलं कुठे अडतात हे शोधत गेल्यावर त्यांना जी मोठी अडचण दिसली ती बुद्धीची नव्हती. अडचण पुस्तकाच्या भाषेची होती. पुस्तकाची भाषा सोपी केली तर काय होतं, हेही त्यांनी तपासून पाहिलं. मोझेस बॉस्टनच्या गाडीत जे करत होता, त्याच सुमाराला मुंबईत हे चाललं होतं, आणि एकमेकांची खबर कोणाला होती असं दिसत नाही.

भाषेचं नाव काढलं की आपल्याकडे काय होतं? २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असं वाचायची सोय केली. ते पुस्तक करणाऱ्या समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर, स्वतः गणिती. कारण साधं होतं. घरात पाढे कानावर न पडलेल्या मुलाला जोडाक्षरांनी भरलेली ही नावं अवघड जातात. तर अख्ख्या महाराष्ट्राला विनोद सुचले. विधानसभेत आडनावांवरून कोट्या झाल्या. मी स्वतः जुन्या पद्धतीचीच, मला 'त्रेसष्ट' गोड वाटतं. पण हसणाऱ्यांत एकही असा नव्हता, ज्याच्या घरी हे आकडे शिकवायला कोणी नव्हतं. बदल चूक की बरोबर हा वाद करा ना, जरूर करा. हसू मात्र कशाचं आलं आपल्याला?

आता सेमी-इंग्रजी. पालकांना ते हवंय, आणि त्यांच्या हवेपणाला मी नावं ठेवणार नाही. पण ज्या मुलीच्या घरी अहिराणी किंवा पावरी किंवा गोरमाटी बोलतात, तिला शाळेत मराठी शिकावी लागते, आणि गणित मात्र इंग्रजीतून येतं. मोझेसच्या पायऱ्यांतली बोलीची पायरीच आपण काढून टाकतो, आणि मग वर चढत नाही म्हणून मुलीलाच रागावतो.

तिसरा मुद्दा जरा भांडणाचा आहे.

आपल्याला हिरे शोधायला आवडतात. मेघनाद साहांची गोष्ट घ्या. ढाक्याजवळचं खेडं, बापाचं किराण्याचं छोटं दुकान, जातीनं खालचे मानलेले. प्राथमिक शाळा झाली, पुढची शाळा काही कोसांवर. बाप म्हणतो दुकानात बस. थोरल्या भावानं एका डॉक्टरांना गाठलं. त्यांनी मुलाला घरी ठेवून घेतलं. अट एवढीच की जेवल्यावर आपली ताटली आपण घासायची आणि गायीकडे बघायचं. त्या मिडल स्कूलच्या परीक्षेत साहा ढाका जिल्ह्यात पहिले आले, शिष्यवृत्ती मिळाली आणि गाडी सुटली. पुढे कोलकात्याच्या वसतिगृहात बरोबरच्या मुलांनी पंगतीला बसू दिलं नाही. १९२०ला ताऱ्यांच्या वातावरणाचं ते समीकरण आलं, जे आजही साहांच्या नावानं ओळखतात.

ही गोष्ट आपण कशी सांगतो? जिद्दीची गोष्ट म्हणून. माझ्या मते ती त्या डॉक्टरांच्या ओसरीची गोष्ट आहे. अशी किती गावं होती, जिथे डॉक्टरच नव्हता? जिद्द त्याही गावात असेल की.

हिरे शोधण्याचा सरकारी प्रकार म्हणजे शिष्यवृत्तीची परीक्षा. आठवीची एनएमएमएस तुम्हाला माहीत असेल. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सरकारी किंवा अनुदानित शाळा, परीक्षा पास झालं की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२. योजना चांगली आहे. कोणी ती बंद करायला निघालं तर मी पहिल्या रांगेत उभी राहीन. जिल्हा परिषदेचे कितीतरी शिक्षक शाळा सुटल्यावर पदरमोड करून याचे वर्ग घेतात, त्यांना मी हात जोडते. पण उरलेल्यांचं काय? मोझेसचं सगळं भांडण इथे आहे. मताचा हक्क हुशारांना द्या असं तो म्हणाला नाही. बीजगणितही हुशारांना द्या असं तो म्हणत नाही. सगळ्यांना द्या म्हणतो.

'सगळ्यांना' म्हटलं की लगेच दुसरा एक सोपा मार्ग सुचतो: कोणालाच देऊ नका. सॅन फ्रान्सिस्कोनं २०१४ साली हेच केलं. आठवीला बीजगणित घेणाऱ्यांत गरीब मुलं कमी, म्हणून समतेसाठी आठवीचं बीजगणितच काढून टाकलं. पैसेवाल्यांनी काय केलं असेल? खासगी वर्ग लावले. मार्च २०२४ला तिथल्या नागरिकांनी मोठ्या बहुमतानं कौल दिला की ते परत आणा. हेतू चांगला होता, हे मी नाकारत नाही.

आणि आपण? काही वर्षं आपल्याकडे नववी-दहावीला 'सामान्य गणित' होतं. ते बंद झालं. मग २०२४च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात प्रस्ताव आला की दहावीला गणितात किंवा विज्ञानात ३५च्या खाली पण २०च्या वर गुण असले तरी मूल अकरावीला जाऊ शकेल, फक्त गुणपत्रिकेवर शेरा येईल की याला पुढे गणित-विज्ञानाकडे जाता येणार नाही. नापास होऊन शाळा सुटणाऱ्या मुलांचा कळवळा यात आहे. एका वर्षाच्या नापासानं आयुष्य संपतं अशा घरांना मी ओळखते, तेव्हा हा कळवळा खोटा म्हणणार नाही. पण शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर येणार? ज्या शाळेत सातवीला गणिताचा शिक्षकच नव्हता, तिथल्या मुलीच्या. पॉलिटेक्निकचं दार बंद, आणि वर छापील पुरावा, की हिलाच जमत नव्हतं. १९६३च्या त्या कोर्टात मोझेस जे म्हणाला, ते इथे मी पुन्हा म्हणायची गरज आहे का?

मोझेसच्या प्रकल्पानं जादू झाली, असं मात्र मी सांगणार नाही. तो मोठा झाला, काही शहरांत रुजला, काही ठिकाणी विरला. शिक्षकाला वर्षभर धरून शिकवावं लागतं, ते महाग पडतं आणि कंटाळवाणं असतं. मोझेस स्वतः केंब्रिजहून मिसिसिपीच्या जॅक्सनला ये-जा करत तिथल्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवत राहिला. ज्या राज्यात डोकं फुटलं, त्याच राज्यात! २०२१च्या जुलैत तो गेला.

त्यातली टिकलेली एक गोष्ट आपल्याला उचलण्यासारखी आहे. प्रकल्पातून मोठ्या झालेल्या मुलांनीच १९९६ला 'यंग पीपल्स प्रोजेक्ट' काढला. हायस्कूलची मुलं मिडल स्कूलच्या मुलांना गणित शिकवतात आणि त्याचं मानधन घेतात. मानधन महत्त्वाचं. सातवीच्या मुलाला समोर दिसतं की आपल्याच गल्लीतल्या ताईला गणिताचे पैसे मिळतात. 'करिअर मार्गदर्शन' म्हणून आपण जे तक्ते भिंतीवर लावतो, त्यावर ताईचा फोटो कधी नसतो.

मोझेसचा आग्रह असा होता की हा हक्क वरून कोणी देणार नाही, मागणी खालूनच यायला हवी. आपल्याकडे मागणीची जागा कायद्यानं करून ठेवलेली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीला विज्ञान आणि गणितासाठी किमान एक शिक्षक हवा. त्याच कायद्यानं प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक, आणि निम्म्या सभासद बायका. बैठकीत विषय निघतात ते खिचडीचे, पत्र्याचे, संडासाचे. तेही निघायला हवेत, नाही असं नाही. पण "आमच्या सातवीला गणित कोण शिकवतंय, आणि त्याचा विषय गणित आहे का?" हा प्रश्न इतिवृत्तात लिहिलेला मी अजून कुठे पाहिला नाही. ठराव करता येतो. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवता येतो, आणि पोच घेता येते. पोच घ्याच.

अशा ठरावाचा साधा मसुदा मी एका पानावर करून आणला आहे. सभागृहात निवृत्त मुख्याध्यापक बरेच दिसताहेत. त्यांच्यापैकी कोणी त्यातली सरकारी भाषा तपासून दिली, तर उपकार होतील. प्रती मागच्या टेबलावर आहेत. अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा मी थांबते. प्रश्न असतील तर विचारा.